लेकीच्या बॅगेतल्या वाती

आपल्या बेळगावातल्या वडगावच्या एका ताईंचं पत्र आलंय. मोबाईलवर बोलून टाईप केलंय म्हणून जरा लांबलंय, मी थोडं कापून देते.

"अक्का नमस्कार. मी वडगावची, वय ४३, घरात शिलाई करते, आमचे हे मागावर आहेत. पोरगी पीयूसी सेकंड इयरला, म्हणजे बारावीला, पोहण्यात चांगली आहे, स्पर्धेला जाते. परवा तिची बॅग धुवायला काढली तर आत एक पाकीट, त्यात कापसाच्या जाड जाड वाती, एकेक प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली आणि शेपटाला दोरा. आधी मला वाटलं देवाच्या वाती, म्हटलं पोरीला भक्ती कधीपासून आली. मग शेजारच्या एकीनं सांगितलं ते टॅम्पॉन, पाळीत आत घालतात म्हणून. मला घामच फुटला. लग्नाआधी असलं आत घालून चालतंय का? पडदा जातोय म्हणतात, उद्या लग्नात काय झालं तर? वर चढून पोटात गेलं तर काढायचं कसं? लघवीला कशी जाते ती? व्हॉट्सअ‍ॅपवर पण आलं होतं त्यात विष असतंय म्हणून. पोरीला अजून काही विचारलं नाही, पाकीट होतं तसं ठेवून दिलंय. सासूबाईंना कळलं तर घर डोक्यावर घेतील. बाकी मी बरी आहे, पाळी तेवढी दहा-दहा दिवस चालते, सहा महिने झाले गाठी पण पडतात, रात्री दोनदा उठून बदलावं लागतंय, पण वयाचं असतंय ते म्हणतात सगळे. पोरीचं तेवढं सांगा."

ताई, देवाच्या वाती वाचून मी एकटीच हसत बसले, आमचे हे विचारायला लागले काय झालं म्हणून, आता त्यांना काय सांगू. तुमचं चुकलं नाही हो. दिसतंच ते तसं, करंगळीएवढं दाबून बसवलेलं कापसाचं काहीतरी आणि खाली दोरा. आपण पन्नाशीतल्या-चाळिशीतल्या बायका, आपल्या वेळी कापड होतं, मग पॅड आलं, हे तिसरं कुणी दाखवलंच नाही तर कळणार कुठनं. मी सव्वीस वर्षं बाळंतपणाच्या दवाखान्यात सिस्टर होते, मी सुद्धा पहिला टॅम्पॉन हातात धरला तेव्हा चाळिशी ओलांडली होती. भाची सुट्टीला आली होती, तिनं स्वयंपाकाच्या ओट्यावर स्टीलच्या तांब्यात पाणी घेतलं आणि दोरा धरून तो आत सोडला. बघता बघता फुगला, कडेनं पाकळ्या सुटल्यासारखा, आणि पाणी प्यायचं थांबला. ती म्हणाली, बघ मावशी, बस एवढंच करतंय हे. मी तांब्या दोनदा घासला ती गोष्ट वेगळी.

तर पोरगी बिघडलेली नाही. स्पर्धेच्या तारखेला पाळी आली तर काय करायचं हा तिच्यापुढचा प्रश्न होता, तो तिनं सोडवला, तोही कुणाला त्रास न देता. पॅड घालून पाण्यात उतरलं तर ते टँकचंच पाणी पितं आणि जड होऊन लोंबतं, आणि पाण्यात पाळी थांबते म्हणतात ते काही खरं नाही, पाण्याच्या दाबानं कमी आल्यासारखी वाटते आणि बाहेर आलं की पायावरून ओघळ. पोहणाऱ्या पोरीला आत बसणारंच काहीतरी लागतं, टॅम्पॉन नाहीतर पाळीचा कप, त्याचं पुढं सांगते.

आता पडद्याचं. खरं तर तुमच्या पत्रातली मुख्य भीती ही एकच आहे, बाकीचे प्रश्न तिच्या मागनं आलेत. पडदा हा शब्द ज्यानं काढला त्यानं फार नुकसान केलं बघा, कारण पडदा म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं दाराला लावलेला पडदा येतो, बंद, आणि कुणीतरी तो सारून आत गेलं की संपलं. तसं तिथं काही नसतंच. तुम्ही शिलाई करता म्हणून तुमच्या भाषेत सांगते. फ्रॉकच्या बाहीला आपण आतून फ्रिल लावतो, गोल, मऊ, कडेकडेनं, आणि मधनं हात जायला जागा असतेच की. योनीच्या तोंडाशी तशी पातळ कातडीची झालर असते. कुणाची रुंद, कुणाची नावाला, कुणाची एका बाजूला जास्त. आणि मला सांगा, ते जर खरंच बंद असतं तर तुमच्या पोरीचं दर महिन्याचं रक्त आलं कुठनं?

बंद असतं कधी कधी, नाही असं नाही, लाखात नव्हे पण हजारात एखादीला. माझ्या नोकरीत एक पोर आली होती खानापूरच्या बाजूची, चौदा-पंधरा वर्षांची, दर महिन्याला पोट धरून रडायची, पाळी मात्र आलेलीच नाही, घरचे जंताचं औषध देऊन देऊन थकले. डॉक्टरीणबाईंनी नुसतं बघितलं आणि कळलं, झालर पूर्ण बंद, महिन्या-महिन्याचं रक्त आत साठलेलं. छोटं ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी पोरगी हसत गेली. म्हणजे पडदा बंद असणं हा आजार आहे, तो दागिना नव्हे.

टॅम्पॉननं ती झालर ताणली जाऊ शकते, क्वचित थोडी चिरूही शकते, खोटं कशाला सांगू. पण बहुतेक पोरींना काहीच होत नाही कारण त्या वयात ती लवचिक असते, इलॅस्टिकसारखी. आणि चिरली समजा, तरी त्यानं काय ठरतं? झालर बघून पोरीचा कुणाशी संबंध आला की नाही हे कुठल्याही डॉक्टरला सांगता येत नाही, बलात्काराच्या केसमध्ये बाईची करायचे ती दोन बोटांची तपासणी करू नका म्हणून सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलंय, तिला शास्त्राचा आधार नाही म्हणून. पहिल्या रात्री रक्त यायलाच पाहिजे हे पण तसलंच, कितीतरी जणींना येत नाही, तुमच्या-माझ्या ओळखीतल्या किती जणींना आलं नसेल आणि त्या गप्प बसल्या असतील. उद्या लग्नात कुणी चादर बघणारं भेटलं तर ताई, अडचण पोरीत नाही, त्या घरात आहे, आणि ते लग्नाआधी कळलं तर बरंच.

पुढचा प्रश्न, वर चढून पोटात जाण्याचा. जात नाही. वाटच नाही. योनी म्हणजे बोटभर लांबीची पिशवी समजा, वरच्या टोकाला गर्भपिशवीचं तोंड असतं आणि त्या तोंडाचं भोक इतकं बारीक की पेन्सिलीचं टोक जेमतेम जाईल, रक्त तेवढं झिरपतं, कापसाची वात कुठली जाते. (बाळंतपणात तेच तोंड दहा सेंटिमीटर उघडतं, पण त्याला कळा लागतात तास न् तास, ते आपल्याला माहीतच आहे.) फार तर काय होईल, दोरा आत ओढला जाईल. मग हात धुवून उकिडवं बसायचं, खोकल्यासारखा जोर करायचा, बोटाला लागतो. नाहीच लागला तर डॉक्टरकडं जायचं, दोन मिनिटांचं काम. आमच्याकडं यायच्या अशा, तोंड लपवून, एक तर काढायचाच विसरली होती आठवडाभर, वास यायला लागला म्हणून आली. लाजून घरी बसण्यापेक्षा येणं शंभर पट बरं, आम्ही त्याहून काय काय बघितलेलं असतं.

लघवीचं विचारलंत त्यात लाजायचं काही नाही, तीन पोरं झालेल्या बायका मला हेच विचारायच्या. लघवीची वाट वेगळी, पाळीची वेगळी, शौचाची वेगळी, तीन आहेत. लघवीची पुढं, इतकी बारीक की आपल्याला दिसत पण नाही, म्हणून वाटतं एकच आहे. टॅम्पॉन मधल्या वाटेत असतो, लघवीला आडवा येत नाही, दोरा जरा बाजूला धरायचा म्हणजे भिजत नाही.

आता खरी काळजी घ्यायची ती कशाची, ते सांगते, कारण ह्यात काहीच धोका नाही असं सांगणारी मी नाही. आणि ह्याचा पडद्याशी संबंध नाही, घड्याळाशी आहे. अमेरिकेत १९८० च्या सुमारास रिलाय नावाचा एक टॅम्पॉन निघाला होता, फार शोषणारा, दिवसभर ठेवला तरी चालतो अशी हवा. बायका ठेवायला लागल्या आणि धडधाकट तरुण पोरी एकाएकी तापानं फणफणून दवाखान्यात यायला लागल्या, काही गेल्या. त्या आजाराला टॉक्सिक शॉक सिंड्रोम म्हणतात. एक जंतू आहे, स्टॅफिलोकोकस, बऱ्याच जणांच्या नाकात-कातडीवर गुपचूप राहतो, त्याच्यातल्या काही जाती विष सोडतात, आणि जास्त वेळ राहिलेला रक्तानं भिजलेला कापूस म्हणजे त्याला आयतं घर. कंपनीनं तो माल त्याच वर्षी बाजारातून परत घेतला, मग टॅम्पॉन किती ग्रॅम शोषतो ते पाकिटावर छापायचा नियम आला. आता हा आजार फार क्वचित होतो. पण होतो.

म्हणून पोरीला एवढं पक्कं माहीत पाहिजे. चार ते सहा तासांत बदलायचा, आठच्या पुढं कधीच नाही. रात्री झोपताना पॅड. पाकिटावर थेंबांची चित्रं असतात ती बघायची आणि ज्यात भागतंय त्यातला सगळ्यात कमी थेंबांचा घ्यायचा, रेग्युलर म्हणजे साधारण ६ ते ९ ग्रॅम शोषणारा, तिला सुरुवातीला त्याच्याहून लहानच पुरेल. पांढरं जातंय म्हणून किंवा पाळी येईल म्हणून आधीच घालून बसायचं नाही, कोरड्यात घातला की काढताना सोलल्यासारखं होतं. आणि टॅम्पॉन आत असताना नाहीतर नुकताच काढलेला असताना एकदम १०२ च्या वर ताप, उलटी-जुलाब, चक्कर, अंगावर उन्हात भाजल्यासारखी लाली, ह्यातलं काही झालं तर आधी तो काढायचा आणि तसंच दवाखान्यात पळायचं, आणि तिथं तोंडानं सांगायचं की टॅम्पॉन घातला होता. हे शेवटचं मी मुद्दाम लिहिते, कारण आपल्या पोरी ताप सांगतील, उलटी सांगतील, हे सांगणार नाहीत, आई शेजारी उभी असेल म्हणून. तुम्ही ते सांगण्यासारखी आई व्हा की झालं.

पोहून बाहेर आली की लगेच बदलायचा, दोरा ओला होतो म्हणून. टॉयलेटमध्ये टाकायचा नाही, तुंबतं, पेपरात गुंडाळून कचऱ्यात. घालताना हात साबणानं धुवायचे, एक पाय स्टुलावर, आणि सरळ वर ढकलायचा नाही, कमरेच्या मागच्या हाडाकडं रोख धरायचा, बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत. टोचतोय, चालताना जाणवतोय म्हणजे अर्धाच गेलाय, काढून दुसरा घ्यायचा. नीट बसला तर कळत पण नाही आत काही आहे म्हणून, आणि म्हणूनच विसरायला होतं, मोबाईलवर अलार्म लावायला सांगा.

व्हॉट्सअ‍ॅपवरचं विष म्हणजे बहुतेक २०२४ चं ते असणार. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी वेगवेगळ्या कंपन्यांचे टॅम्पॉन तपासले आणि त्यात शिसं, आर्सेनिक असे धातू अगदी बारीक प्रमाणात सापडले. हे खरं आहे. पण कापसात सापडले, ते तिथनं शरीरात जातात का हे त्या तपासणीत बघितलेलंच नव्हतं. फॉरवर्ड करणाऱ्यांनी मधली पायरी गाळली. पोहण्याच्या दिवसांपुरते वापरणाऱ्या पोरीनं त्यापायी झोप उडवून घ्यावी असं मला काही वाटत नाही.

आणि आत काही घालणं हे परदेशी फॅड आहे असं कुणी म्हणालं तर, आयुर्वेदात योनिपिचू आहेच की, तेलात भिजवलेला कापसाचा बोळा आत ठेवायचा, औषध म्हणून. आजचा टॅम्पॉन अर्ल हास नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं काढला, १९३३ ला त्याला पेटंट मिळालं, म्हणजे ही वस्तू तुमच्या सासूबाईंपेक्षाही म्हातारी असेल. त्यांना सांगू नका हां मी असं म्हटलं म्हणून.

सासूबाईंवरनं आठवलं. आमचं माहेर खानापूर तालुक्यात, कणकुंबीच्या वाटेवर, पाऊस म्हणजे काय ते त्या बाजूच्यांना सांगायला नको. मृगापासून दसऱ्यापर्यंत कापड म्हणून वाळायचं नाही. आमची आई गोठ्याच्या मागं, गवताच्या आड, एका दोरीवर पाळीची कापडं टाकायची आणि त्याच्यावर जुनं लुगडं, कुणाला दिसू नये म्हणून, म्हणजे ऊन नाहीच, वारा पण नाही. ओलसर, कुबट वासाची घडी परत घ्यायची, रोप लावायला चिखलात उतरायचं, आणि मांड्या सोलवटायच्या, खाज, पांढरं जाणं, हे सगळं बाईच्या जातीला असायचंच म्हणून सोसायचं. कापड वाईट नव्हतं. साबणानं धुवून कडक उन्हात वाळवलेलं सुती कापड आज पण चालतं, २०१९-२१ च्या सरकारी कुटुंब पाहणीत देशातल्या १५ ते २४ वयाच्या पोरींत ६४ टक्के नॅपकिन वापरतात तशाच ५० टक्के कापड पण वापरतात, कितीतरी जणी दोन्ही. वाईट होतं ते लपवणं. वरचं लुगडं काढलं असतं तर निम्मं दुखणं गेलं असतं.

आणि गंमत बघा, आपण म्हणतो कावळा शिवला, आणि आमच्या शेजारच्या कन्नड अक्का म्हणतात मुट्टु, त्याचा अर्थ पण शिवणंच. भाषेवरनं इथं एवढी वर्षं भांडणं चाललीत, ह्या एका बाबतीत मात्र दोघांचं एकमत, शिवायचं नाही! लोणच्याला हात लावल्यानं लोणचं नासत नाही ताई, ओला हात लावला तर नासतं, तो मग कुणाचा का असेना.

टॅम्पॉन नको वाटला तर कप आहे. मऊ सिलिकॉनची वाटी, घडी करून आत बसवायची, रक्त शोषत नाही, साठवते, बारा तासांपर्यंत चालते, ओतून धुवायची आणि परत, पाळी संपली की उकळून ठेवायची. एकदा घेतला की काही वर्षं बघायला नको. आपल्या कर्नाटक सरकारनं पण २०२२ मध्ये दक्षिण कन्नड आणि चामराजनगरला पोरींना कप वाटून बघितले होते. पण शिकायला दोन-तीन पाळ्या जातात आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी शिकायची ती गोष्ट नव्हे. पोरीनं आत्ता टॅम्पॉन निवडलाय तर तेच राहू दे. मिळत मात्र नाहीत सगळीकडं, गल्लीतल्या मेडिकलला विचारलं तर तो पोऱ्या पॅडच काढून देईल, ते पण पेपरात गुंडाळून काळ्या पिशवीत, जणू गांजाच. कॅम्पातल्या नाहीतर टिळकवाडीतल्या मोठ्या दुकानात विचारावं लागतं, नाहीतर ऑनलाईन. म्हणजे तुमच्या पोरीनं किती खटपट केली असेल बघा.

तिला विचारायचं कसं, हे तुम्ही लिहिलं नाहीत पण पाकीट होतं तसं ठेवलंय म्हणता त्यात ते आलंच. समोर बसवून चौकशी करू नका. रात्री भांडी घासताना किंवा तुम्ही काजं करत असताना, हात कामात असले की तोंड मोकळं होतं, सहज म्हणा, "बॅग धुतली तुझी, ते पाकीट बघितलं, मला आधी देवाच्या वाती वाटल्या." ती हसेल. पोरीला हसू आलं की अर्धं काम झालं. मग म्हणा, मला दाखव की कसं असतं ते. पाकिटातला कागद बारीक इंग्रजीत असतो, तो तिला वाचून दाखवायला लावा, तासांचं त्यात लिहिलेलं असतंच, तुम्हाला उपदेश करावा लागणार नाही, ती स्वतःच वाचेल. आणि सासूबाईंना सांगायची काय गरज आहे? प्रत्येक गोष्ट अख्ख्या घराला कळायला पाहिजे असं थोडंच आहे.

आता ताई, पोरीचं झालं. तुमच्या पत्रातल्या शेवटच्या ओळीवर येते.

पोरीच्या कापसाच्या वातीवर तुम्ही अर्धं पान लिहिलंत आणि स्वतःचं एका वाक्यात, "बाकी मी बरी आहे" म्हणून. मी ते वाक्य परत परत वाचलं. तुम्ही बऱ्या नाही आहात.

पूर्ण पाळीत, सगळे दिवस मिळून, साधारण ३० ते ४० मिली रक्त जातं. म्हणजे पोह्याचे दोन-तीन चमचे. ऐकून पटत नाही पण तेवढंच असतं. ८० च्या वर गेलं, टपरीवरच्या छोट्या कपभर चहाएवढं, की ते जास्त. आता घरात कुणी चमचा घेऊन मोजत नाही, म्हणून आम्ही वेगळं विचारायचो. पाळी सात-आठ दिवसांच्या वर जाते का, तुमची दहा. रात्री उठून बदलावं लागतंय का, तुम्ही दोनदा उठता. गाठी रुपयाच्या नाण्याएवढ्या किंवा मोठ्या पडतात का, ते तुम्ही लिहिलं नाहीत पण गाठी आहेत म्हणालात. आणि अजून एक मी विचारते, जिना चढताना दम लागतो का, मशीनवर बसून डोळ्यापुढं अंधारी येते का, नखं-पापण्यांच्या आतली बाजू पांढरट झालीय का, माती नाहीतर कच्चे तांदूळ खावेसे वाटतात का. असं असेल तर अंगातलं रक्त उतरलंय, बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की कमीच धरतात, ७-८ वर असून शिलाई करत बसलेल्या बायका मी बघितल्यात, म्हणायच्या थोडा थकवा आहे हो.

वयाचं असतंय हे अर्धं खरं आहे. चाळिशीनंतर पाळी मागंपुढं होते, कधी कमी, कधी जास्त. पण सहा महिने सलग दहा-दहा दिवस आणि गाठी हे वयाच्या नावावर टाकून बसायचं नसतं. गर्भपिशवीत फायब्रॉइडच्या गाठी असतील, थायरॉइड असेल, आतलं अस्तर जाड झालं असेल, तांबी बसवली असेल तर तिच्यानं पण जास्त जातं. बहुतेक कारणं साधी निघतात आणि औषधानं आवरतात. थोडी थोडकी वाईट असतात, आणि ती लवकर कळलेली बरी म्हणून तर बघायचं. ४३ ला अस्तराचा तुकडा तपासायला घेऊया म्हणाले तर घाबरू नका, तपासणी आहे ती, निकाल नव्हे.

एका गोष्टीची मात्र आधीच ताकीद देते. पहिल्या भेटीत कुणी म्हणालं की पोरं झालीत ना, मग पिशवी काढून टाकू, कटकट मिटली, तर तिथंच हो म्हणून येऊ नका. काढायची वेळ येते कधी कधी, खोटं नाही, पण ती शेवटची पायरी. रक्त कमी करायच्या गोळ्या आहेत, ट्रॅनेक्सामिक अ‍ॅसिड म्हणतात, पाळीच्या दिवसांपुरत्या, हार्मोनच्या गोळ्या आहेत, आत बसवायची हार्मोनची तांबी आहे, पाच वर्षं वगैरे चालते आणि पाळी अगदी थेंबावर आणते. बीडच्या ऊसतोडणीच्या बायकांचं तुम्ही ऐकलं असेल, त्याच बायका आपल्याकडच्या कारखान्यांना पण येतात, पाळीनं खाडा नको म्हणून तरण्या वयात पिशव्या काढल्या, इतक्या की २०१९ ला महाराष्ट्र सरकारला समिती नेमावी लागली. त्यातल्या किती जणींची पंचविशी-तिशीतच हाडं-सांधे दुखायला लागले. तेव्हा दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या, दुसऱ्याचं घेतलं म्हणून पहिला रागावत नाही, रागावला तर रागावू दे.

आणि तोवर घरी, लोहाच्या गोळ्या आशाताईकडं नाहीतर सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, पण त्या चहाबरोबर घेऊ नका, चहा बरंचसं लोह अडवतो. तासभर आधी नाहीतर नंतर, लिंबाच्या पाण्याबरोबर. शौचाला काळं होतं, घाबरायचं नाही. तासाला एक पॅड भिजायला लागलं, असं दोन-तीन तास सलग, किंवा घेरी आली, तर मग अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, रिक्षा करायची आणि सरळ मोठ्या दवाखान्यात.

जाताना पोरीला बरोबर न्या. तुम्ही रिपोर्ट नुसते पिशवीत घालून आणाल, ती तिथंच उघडून वाचेल आणि डॉक्टरांना विचारेल, एवढी धीट आहे ती हे तुमच्याच पत्रावरनं कळतंय. कालनिर्णयवर मागच्या तीन-चार पाळ्यांच्या तारखा, किती दिवस गेली, दिवसाला किती पॅड, हे आजच लिहून ठेवा, तिथं गेल्यावर आठवत नाही. आणि पोटाची सोनोग्राफी बहुतेक सांगतीलच, त्याला लघवी तुंबलेली लागते, तेव्हा घरनं निघतानाच दोन तांबे पाणी पिऊन निघा, नाहीतर तिथं बाकावर तासभर बसवून ठेवतात पाणी पाजत.